कपाळावर नेमकं काय आहे? टिळा वाचताना आधी द्रव्य बघा

चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी, बिल्ले घालून वर्गात यायला मनाई करणारं परिपत्रक काढलं होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती मिळाली. सुनावणीत खंडपीठाने महाविद्यालयाच्या बाजूला विचारलं की, टिळा किंवा टिकली लावून येणाऱ्यांनाही तुम्ही अडवणार का? या एका प्रश्नाने जुना गोंधळ पुन्हा वर आला. टिळा हा धर्माचा भाग की रिवाज? टिकली धार्मिक की शोभेची? लाल ठिपका म्हणजे लग्न झालेलं असलंच पाहिजे का?

आडव्या रेषा शंकराच्या, उभ्या विष्णूच्या आणि लाल ठिपका सौभाग्याचा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. ढोबळमानाने ते बरोबरही आहे. पण मुंबईत मराठी, गुजराती, तमिळ, कानडी, कोकणी, भोजपुरी अशी सगळी कपाळं एकाच फलाटावर भेटतात, आणि तिथे एवढ्या माहितीवर भागत नाही.

तीन गोष्टी बघायच्या

फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठली, धीमी की जलद आणि किती डब्यांची, हे तिन्ही वाचावं लागतं; त्यातलं एकच वाचून धावत सुटलं तर चुकीच्या गाडीत चढायला होतं. कपाळाचंही तसंच आहे. तिथेही तीन गोष्टी बघायच्या: द्रव्य कोणतं, आकार कसा आणि निमित्त काय.

यातलं द्रव्य सर्वांत महत्त्वाचं. आकाराची नक्कल कोणीही करू शकतं, आणि आता पितळी ठसे मिळत असल्याने तर ते फारच सोपं झालंय. पण राख, माती, लाकूड, हळद आणि शिसं या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या येतात वेगवेगळ्या ठिकाणांहून, लावायची रीत वेगळी, कातडीवरचा परिणामही वेगळा. बाजारात आज सगळ्याच रंगांच्या बाटल्या आणि पुड्या एका रांगेत मांडलेल्या असतात, म्हणून हा फरक विसरला जातो.

दोन शास्त्रीय शब्द तेवढे लक्षात ठेवावेत. आडव्या तीन रेषांना त्रिपुंड्र म्हणतात आणि उभ्या रेषेला किंवा रेषांना ऊर्ध्वपुंड्र. पुढे साधं आडवं गंध, उभं गंध असंच म्हणू.

राख: शैवांचं भस्म

भस्म म्हणजे मुळात अग्नीतून उरलेलं. देशी गायीच्या वाळलेल्या गोवऱ्या जाळून झालेली राख फडक्यातून गाळतात, तिलाच वस्त्रगाळ राख म्हणतात. यज्ञाची किंवा अग्निहोत्राची राख त्याहून पवित्र मानतात. चांगलं भस्म करड्या रंगाचं आणि बोटांत पिठासारखं लागतं. खडूसारखं पांढरंशुभ्र असेल तर त्यात खडूच मिसळलेला असण्याची शक्यता धरावी.

राखेत क्षार असतात. ती न धुता ओली करून रोज लावली तर काहींच्या कपाळाला खाज सुटते. उपाय सोपा आहे: राख भरपूर पाण्यात ढवळायची, तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, असं दोन-तीन वेळा करून गाळ सावलीत वाळवायचा. पाण्यात विरघळणारे क्षार निघून जातात आणि मऊ भस्म उरतं.

लावायची सर्वांत प्रचलित रीत अशी: डाव्या तळव्यावर चिमूटभर भस्म घेऊन दोन-तीन थेंब पाणी घालायचं, तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं त्यात टेकवायची आणि कपाळावर डावीकडून उजवीकडे एकदाच ओढायची. शास्त्रोक्त रीत किंचित वेगळी आहे. तिच्यात वरची आणि खालची रेषा मधल्या बोटाने आणि अनामिकेने एका दिशेने काढतात आणि मधली रेषा अंगठ्याने उलट दिशेने. लांबी एका भुवईच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत. पाणी जास्त झालं की तिन्ही रेषा एकमेकींत मिसळून पट्टा होतो. कमी झालं की भस्म डोळ्यांत झडतं.

तीन रेषांचा अर्थ कालाग्निरुद्रोपनिषदात सांगितला आहे. प्रत्येक रेषा एकेका अग्नीची (गार्हपत्य, दक्षिणाग्नी, आहवनीय), ॐकारातल्या एकेका अक्षराची (अ, उ, म) आणि एकेका गुणाची. लोक याचा सरळ अर्थ काढतात: शेवटी सगळ्याची राखच होणार. ही समजूत वाईट नाही, पण मूळ मांडणी मरणाची आठवण देण्यापेक्षा अग्नीच्या उपासनेची अधिक आहे.

अंगारा आणि उदी हे भस्माचेच जवळचे नातेवाईक. शिर्डीची उदी धुनीची राख असते. तिच्या रेषा ओढत नाहीत, भुवयांच्या मध्ये बोट टेकवतात. पुष्कळ घरांत ती मुलांच्या जिभेवरही ठेवतात. राख कशाची आहे आणि वाटेत तिच्यात काय मिसळलं, हे आपल्या हातात नसतं, म्हणून पोटात देणं टाळलेलं बरं. कपाळावर लावल्याने भाव कमी होत नाही.

माती: गोपीचंदन, नाम आणि उभ्या रेषांचे पंथ

नावात चंदन असलं तरी गोपीचंदन ही माती आहे. द्वारकेजवळच्या गोपी तलावाची फिकट पिवळी चिकणमाती. कांडी किंवा वडीच्या रूपात मिळते. तळहातावर पाण्याचे चार थेंब घेऊन कांडी गोल फिरवायची, दाट लापशीसारखं झालं की काडीने किंवा बोटाने लावायचं. ओलं असताना ते जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर उजळतं. नवखे लोक इथेच चुकतात: दिसत नाही म्हणून वर आणखी थर देतात आणि वाळल्यावर त्याला भेगा पडतात.

वारकऱ्यांचं गंध ओळखायला सर्वांत सोपं. उभं गोपीचंदन आणि त्याला जोडून बुक्क्याचा काळा ठिपका. बुक्का म्हणजे सुगंधी द्रव्यांची काळी पूड, विठ्ठलाला वाहिली जाणारी. आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत उभं राहिलं तर एका तासात याचे सगळे प्रकार दिसतात. हल्ली तिथे केशरी अष्टगंधाचा ठसा उठवून देणारेही असतात. तो आकार वैष्णव, पण द्रव्य वारकरी परंपरेतलं नव्हे. वाईट काही नाही त्यात, पण फरक ठाऊक असावा.

माध्व संप्रदायाचे, म्हणजे मध्वाचार्यांच्या परंपरेतले लोकही गोपीचंदनच लावतात. मात्र त्यांच्या उभ्या गंधाच्या मधोमध कोळशाची काळी रेघ असते, तिला अंगार म्हणतात, आणि खाली एक लालसर ठिपका, ती अक्षता. शिवाय शंख, चक्र वगैरेंच्या मुद्रा गोपीचंदनात बुडवून अंगावर उठवतात. एकादशीला अक्षता लावत नाहीत. वडाळ्याच्या राममंदिरात येणाऱ्या गौड सारस्वत मंडळींमध्ये ही पद्धत बघायला मिळते. त्यांच्याच समाजातल्या स्मार्त मठाच्या (शिव, विष्णू अशा सगळ्या देवांना सारखं मानणाऱ्या परंपरेच्या) अनुयायांकडे वेगळी असते. एकाच जातीत दोन गंधं, म्हणजे जातीवरून गंध ठरत नाही. ते गुरुपरंपरेवरून ठरतं.

तमिळ श्रीवैष्णवांचा ‘नाम’ पांढऱ्या मातीचा असतो आणि मधली रेघ हळदीपासून केलेल्या श्रीचूर्णाची. त्यांचे दोन पंथ आहेत. वडकलै पंथाचा नाम इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा, भुवयांपाशी थांबणारा, मधली रेघ बहुधा पिवळी. तेन्कलै पंथाचा ‘वाय’सारखा, त्याचा पाय नाकाच्या दांड्यावर उतरतो, मधली रेघ बहुधा लाल. पांढऱ्या रेषा विष्णूची पावलं, मधली रेघ लक्ष्मी, हा अर्थ दोघांनाही मान्य. भांडण आकाराचं, आणि ते लहान नव्हतं: कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात देवळाच्या हत्तीच्या कपाळावर कोणता नाम काढायचा, यावरूनही दोन्ही बाजू झगडल्या आहेत. मुंबईत असे नाम फणसवाडीच्या वेंकटेश मंदिराच्या परिसरात आणि माटुंग्यात दिसतात.

भुलेश्वरच्या हवेल्यांतून, म्हणजे त्यांच्या कृष्णमंदिरांतून, बाहेर पडणारे पुष्टिमार्गी (वल्लभाचार्यांच्या पंथाचे) गुजराती वैष्णव लाल कुंकवाचा ‘यू’ लावतात. ते श्रीकृष्णाचं चरणचिन्ह. दादरच्या स्वामिनारायण मंदिरात तोच ‘यू’ पिवळ्या चंदनाचा होतो आणि मध्ये कुंकवाचा गोल ठिपका, चांदलो, येतो. जुहूच्या इस्कॉनमध्ये पुन्हा गोपीचंदन, पण नाकाच्या दांड्यावर तुळशीच्या पानाचा आकार. आकार जवळजवळ एकच असताना तीन संप्रदाय वेगळे ओळखता येतात ते द्रव्यामुळे आणि एखाद्या बारीक खुणेमुळे.

काटेकोर वैष्णव एकट्या कपाळावर थांबत नाहीत. शरीरावर बारा ठिकाणी उभं गंध लावतात आणि प्रत्येक जागी विष्णूचं एकेक नाव घेतात: कपाळावर केशव, पोटावर नारायण, छातीवर माधव, गळ्याशी गोविंद, असं करत दामोदरापर्यंत. संध्येतली चोवीस नावं ज्यांना पाठ आहेत त्यांना हा क्रम लगेच लक्षात येईल. ती पहिली बारा आहेत.

लाकूड: चंदन आणि अष्टगंध

पूजेचं गंध म्हणजे सहाणेवर उगाळलेलं चंदन. सहाण ओली करायची, अर्धा चमचा पाणी घ्यायचं आणि खोड गोल फिरवत उगाळायचं. दोन-तीन मिनिटांत देवापुरतं आणि घरच्यांपुरतं गंध निघतं. खऱ्या चंदनाचं गंध फिकट, सायीच्या रंगाचं असतं. वाटीतलं गंध गडद पिवळं दिसलं तर त्यात हळद, केशर किंवा रंग आहे. केशर घालायचं तर दोन काड्या थोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून मग सहाणेवर चंदनाबरोबर घोटाव्यात.

गंध रोज ताजं उगाळावं. चंदनाचा थंडावा खराच जाणवतो, कारण ओला लेप वाळताना त्वचेवरची उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत तो हळू वाळतो, म्हणून इथे लेप पातळ ठेवावा आणि अंघोळीनंतर कपाळ नीट पुसून मगच लावावा.

अष्टगंध म्हणजे आठ सुगंधी द्रव्यांचं मिश्रण. कोणती आठ, हे देवतेनुसार आणि परंपरेनुसार बदलतं. चंदन, अगरू, केशर, कापूर ही नावं बहुतेक याद्यांत भेटतात. पाच-दहा रुपयांच्या डबीत ही सगळी नसणार हे किमतीवरूनच कळतं, कारण खरं केशर एवढ्यात चिमूटभरही येत नाही.

हळद: कुंकू कसं होतं आणि का बिघडतं

कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात बघितलेलं असतं. कुंकवाचं रहस्य तेच. हळदीतलं कुर्कुमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि चुन्यासारख्या अल्कलीत तांबूस लाल होतं. घरी करून बघायचं असेल तर पाच चमचे हळद, अर्धा चमचा खायचा चुना आणि हाताला ओल लागेल एवढंच पाणी. चुना थोडा थोडा घालत चोळायचं, रंग विटकरी झाला की थांबायचं, सावलीत वाळवायचं आणि बारीक चाळायचं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. चुना जास्त झाला तर कातडी चुरचुरते, पुढे भाजल्यासारखी होते. उन्हात वाळवलं तर कुर्कुमिन उन्हाने फिकं पडतं. आणि उघडं ठेवलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचा जोर ओसरतो, लाल रंग मळत जातो. म्हणून थोडंच करून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं. घामाने कुंकवाची कड पिवळी होते, तीही याच कारणाने: घाम किंचित आम्ल असतो. असं कुंकू पिवळं होतंय म्हणजे खोटं, असा समज उलटा आहे. चुन्याच्या कुंकवावर लिंबाचा थेंब टाकला तर ते पिवळं व्हायलाच हवं.

यात एक मेख आहे. जुन्या पद्धतीने कुंकू करणारे हळदीला टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाचा रस यांची पुटं देतात. तिथे होणारी क्रिया निराळी असल्याने लाल रंग जास्त उजळ आणि टिकाऊ येतो, आणि लिंबू टाकून तो पिवळा होत नाही. म्हणून लिंबाच्या परीक्षेवर एकटीवर निकाल देऊ नये. दुसरी परीक्षा पाण्याची: ग्लासभर पाण्यात चिमूटभर कुंकू टाकायचं. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाणी फार तर पिवळसर गढूळ होतं. पडल्या पडल्या गुलाबी किंवा लालभडक धार सुटली तर त्यात कृत्रिम रंग आहे. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातलं करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं आहे. पंढरपूर, तुळजापूरच्या बाजारात त्याच भागातलं कुंकू विकलं जातं.

कुंकू कपाळावर टिकायचं तर खाली मेण हवं. आजीच्या फणेरपेटीत करंड्याशेजारी मेणाची डबी असे ती यासाठी. मसुरीएवढं मेण बोटावर चोळून मऊ करायचं, कपाळाच्या मध्ये हवा तेवढा गोल लावायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं, घासायचं नाही. घासलं की कड पसरते. मेणाऐवजी खोबरेल लावणाऱ्यांची तक्रार असते की दुपारपर्यंत कुंकू नाकावर येतं. येणारच. मधमाशीचं मेण ६० अंशांच्या वर वितळतं, खोबरेल २५ अंशांच्या आसपास.

आकारांत गोल, चंद्रकोर, उभा टिळा आणि आडवी चिरी हे मराठी घरांतले नेहमीचे. संपूर्ण कपाळ भरणं म्हणजे मळवट; तो देवीचा, आणि नवरात्रात किंवा काही घरांच्या लग्नविधीत बाईच्या कपाळावर येतो. कुंकवाच्या जागी खंडोबाला भंडारा, म्हणजे हळदच, आणि जोतिबाला गुलाल. त्या देवांच्या भक्तांची कपाळं त्याच रंगाची.

शिसं: शेंदूर आणि कुंकू एक नव्हे

मारुतीला आणि गणपतीला चढतो तो नारिंगी शेंदूर परंपरेने शिशाचा ऑक्साइड असतो. पाऱ्यापासूनचा लाल हिंगूळ वेगळा, तोही विषारीच. हिंदीत सिंदूर हा शब्द शेंदूर आणि भांगात भरायचं लाल चूर्ण या दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे दुकानात गफलत होते.

ही भीती नुसती पुस्तकी नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासले. त्यातले काही मुंबई आणि दिल्लीच्या दुकानांतून घेतलेले होते. भारतातल्या ७८ टक्के आणि अमेरिकेतल्या ८३ टक्के नमुन्यांत दर ग्रॅममागे किमान १ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. काहींत ते सौंदर्यप्रसाधनांतल्या रंगांसाठी असलेल्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्याही वर होतं.

धोका नेमका कुठून आहे हे समजलं तर सावधगिरी सोपी होते. या प्रकारचं शिसं अखंड कातडीतून फारसं शिरत नाही. ते शिरतं तोंडातून आणि श्वासातून: बोटाला लागलेला शेंदूर जेवताना पोटात जातो, भांगातलं चूर्ण झडून तान्ह्या बाळाच्या हाताला लागतं आणि हात तोंडात जातो. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून मंदिरात शेंदराचा टिळा लागला तर घरी येऊन हात आणि कपाळ साबणाने धुवावं. लहान मुलाला तो लावूच नये. पुजाऱ्यांना सांगितलं तर ते कुंकवाचं बोट लावतात. ओळखायची एक खूण वजनाची: शेंदूर हळदीच्या कुंकवापेक्षा कितीतरी जड असतो. एकसारख्या दोन डब्या हातात घेतल्या की फरक लगेच कळतो.

छठपूजेला जुहूच्या किनाऱ्यावर बिहारी बायकांच्या नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत नारिंगी सिंदूर असतो. तिथे ती नवऱ्याच्या आयुष्यासाठीची प्रार्थना आहे. तो विकत घेतानाही हाच नियम: शिसं नसल्याचं पाकिटावर लिहिलेलं असेल तरच घ्यावा, सुटा घेऊ नये.

कोणत्या बोटाने?

देवाला गंध अनामिकेने, स्वतःला मधल्या बोटाने किंवा अनामिकेने, पितरांना तर्जनीने, अशी सर्वसाधारण रीत. ओवाळताना अंगठ्याने टिळा वर ओढतात आणि वर अक्षता लावतात. त्या न तुटलेल्या तांदळाच्या असाव्यात. सवाष्णीला आणि देवीला आधी हळद, मग कुंकू. सुतकात गंध-कुंकू लावत नाहीत. घराघरांत थोडा फरक असतो आणि तो चालतो.

“कुंकू म्हणजे लग्न झालेलं, असंच ना?”

महाराष्ट्रात तसं नाही. इथे कुमारिकेलाही कुंकू लागतं. लग्नाची खूण मंगळसूत्र आणि जोडवी. भांगात सिंदूर भरणं ही उत्तरेची आणि पूर्वेची रीत. पुरुषाच्या कपाळावरचा टिळा तर कधीच वैवाहिक नव्हता.

टिळा हिंदूंपुरताही नाही. वाळकेश्वरच्या जैन मंदिरात पूजा करून निघालेल्यांच्या कपाळावर केशर-चंदनाचा पिवळा टिळा असतो. मूर्तीच्या नऊ अंगांना गंध लावण्याआधी तो स्वतःला लावतात. पारशी लग्नात नवऱ्याच्या कपाळावर कुंकवाची उभी रेघ आणि नवरीच्या कपाळावर गोल असतो. म्हणजे कपाळावरचा रंग बघून धर्म ठरवायला गेलं तर मुंबईत हमखास फसायला होतं.

या रिवाजाची सर्वांत दुखरी बाजू विधवांची. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, ही पद्धत कुणा बाईने निवडलेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कुंकवाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घडलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. उलट दिशेची सक्तीही तितकीच चुकीची. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात एका महिला पत्रकाराला, आधी टिकली लाव मग बोलतो, असं ऐकवलं गेलं आणि राज्य महिला आयोगाने त्याची दखल घेऊन नोटीस काढली. लावायचं की नाही हे ज्याचं कपाळ त्याने ठरवावं.

“पण यामागे विज्ञान आहे ना?”

योगपरंपरेत भुवयांच्या मध्ये आज्ञाचक्र मानतात आणि ध्यानात लक्ष तिथे स्थिर करतात. टिळ्याची जागा तीच आहे. हा साधनेचा विचार आहे आणि त्या चौकटीत तो पूर्ण आहे. त्याला रक्तदाबाच्या आणि ग्रंथींच्या गोष्टी जोडायची गरज नाही. टिकली दाबल्याने ग्रंथी जागृत होतात, याला वैद्यकीय पुरावा नाही. सिंदुरातला पारा रक्तदाब ताब्यात ठेवतो, हा फिरता संदेश तर धोकादायक आहे. पारा शरीरात गेला तर मूत्रपिंडं आणि मज्जासंस्था बिघडतात, आणि असा संदेश वाचून कोणी विषारी चूर्ण मुद्दाम शोधून घेऊ शकतं. चंदनाचा थंडावा, हळदीचा रंगबदल, मेणाचं वितळणं यांत खरं विज्ञान भरपूर आहे.

टिकलीखाली डाग पडला तर

चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काही स्त्रियांत ते त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं आणि टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो. लाल चट्टा, खाज, बारीक पुरळ ही बहुधा गोंदाची किंवा कुंकवातल्या कृत्रिम रंगाची ॲलर्जी असते.

पांढरा डाग दिसू लागल्यावर टिकली मोठी करून तो झाकणं ही नेहमीची चूक. रसायन लागतच राहतं आणि डाग वाढतो. टिकली त्याच दिवशी बंद करायची आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. जाताना टिकलीचं पाकीट आणि कुंकवाची डबी बरोबर न्यायची, म्हणजे पॅच टेस्टला नेमकी वस्तू मिळते. लवकर थांबलं तर पुष्कळदा रंग परत येतो. तोवर टिळा हवाच असेल तर उगाळलेलं साधं चंदन लावता येतं, पण तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावं.

रोज टिकली लावणाऱ्यांनी ती रात्री काढावी, कपाळावर उरलेला गोंद खोबरेलाच्या थेंबाने सैल करून कापसाने पुसावा, नखाने खरवडू नये. आरशावर चिकटवून ठेवलेली जुनी टिकली पुन्हा लावू नये. तिच्यावर धूळ आणि घाम बसलेला असतो, आणि ती दाबून बसवायला जावं तर गोंद कातडीत अधिकच घासला जातो.